टीवाय बायोकेमिस्ट्रीनंतर मॉलेक्युलर न्यूट्रिशन करायचंय, रस्ता कोणता?

कृष्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात टीवायला आहे, बीएस्सी बायोकेमिस्ट्री. मागच्या सेमला मेटाबोलिझम (पेशीतल्या रासायनिक क्रिया) होतं आणि तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय की आपण खातो ते पेशीत जाऊन नेमकं काय करतं, म्हणजे नुसतं कॅलरी प्रोटीन नाही तर जीनपर्यंत जाऊन काय करतं, हे शिकायचंय. नेटवर शोधलं तर ह्यूमन न्यूट्रिशन, मॉलेक्युलर न्यूट्रिशन, न्यूट्रिजिनॉमिक्स असं बरंच काही दिसतं पण आपल्याकडे याचा सरळ कोर्स कुठे आहे तेच कळत नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणते म्हणजे डाएटिशियन होणार का, मग त्यासाठी होम सायन्स घ्यायचं होतंस. काका म्हणतात एमएस्सी ऑरगॅनिक कर, एमआयडीसीत फार्मात लगेच लागशील. कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं की आधी मेटाबोलिझमची सायकल नीट पाठ कर मग पुढचं बघू.

तर माझे प्रश्न. एमएस्सी बायोकेमिस्ट्री करू की एमएस्सी न्यूट्रिशन? माझ्याकडे होम सायन्स नाही तर न्यूट्रिशनला घेतात का? परदेशात जायचं म्हटलं तर कुठे, खर्च झेपेल असं? आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेटाबोलिझम डोक्यात राहतच नाही, ग्लायकोलिसिसच्या म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या दहा स्टेप्स परीक्षेत लिहिते आणि महिन्यात विसरते, मग पुढे कसं व्हायचं? शिवाय शेवटच्या सेमला प्रोजेक्ट आहे, तोही याच विषयात करायची इच्छा आहे, लॅबमध्ये कलरिमीटर, वॉटर बाथ, छोटा सेंट्रिफ्यूज एवढंच आहे.

वन_कार्बन

मी पुण्यात पीएचडी करतोय, विषय तुझ्या प्रश्नाच्या अगदी मधोमध येतो म्हणून सविस्तर लिहितो. आधी तुझा शेवटून दुसरा प्रश्न घेतो कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

सायकल पाठ करून राहत नाही कारण पाठ करताना आपण ती कंपाउंडच्या बाजूने बघतो. व्हिटॅमिनच्या बाजूने बघ. बी12 घे. माणसाच्या शरीरात बी12 लागणारे एन्झाइम फक्त दोन आहेत. पहिलं मेथिओनीन सिंथेस, ते होमोसिस्टीनला मिथाइल गट देऊन मेथिओनीन बनवतं आणि तो मिथाइल येतो फोलेट या दुसऱ्या बी व्हिटॅमिनकडून. दुसरं मायटोकॉन्ड्रियात, मिथाइलमॅलोनिल कोए म्यूटेस, ते मिथाइलमॅलोनिल कोएचं सक्सिनिल कोए करतं. आता कागद घे आणि स्वतःला विचार, बी12 संपलं तर काय काय तुंबेल? पहिल्या ठिकाणी होमोसिस्टीन साठणार, दुसऱ्या ठिकाणी मिथाइलमॅलोनिक ॲसिड साठणार, आणि रक्ततपासणीत नेमक्या याच दोन गोष्टी मोजतात. फोलेट मिथाइल फॉर्ममध्ये अडकून बसणार कारण तिथून बाहेर पडायचा दरवाजा हेच एन्झाइम आहे, म्हणून शरीरात फोलेट असूनही डीएनएसाठी मिळत नाही आणि तांबड्या पेशी मोठ्या मोठ्या बनतात. मग पुढचा प्रश्न, अशा माणसाला नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर? ॲनिमिया सुधारलेला दिसेल, पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहील. बघ, एका व्हिटॅमिनवरून फोलेट सायकल, मेथिओनीन सायकल, ऑड चेन फॅटी ॲसिडचं ऑक्सिडेशन आणि टीसीए सायकलचा (क्रेब्स सायकलचा) एक कोपरा एवढं सगळं आलं आणि हे विसरता येत नाही. असंच थायमिन, असंच रायबोफ्लेविन, असंच आयर्न.

आता याला मॉलेक्युलर न्यूट्रिशन का म्हणायचं? मेथिओनीनपासून पुढे एसॲडेनोसिलमेथिओनीन म्हणजे सॅम बनतं आणि डीएनएवर मिथाइल गट बसवायचे ते त्याच सॅममधून. म्हणजे ताटातलं काहीतरी थेट जीन चालू बंद होण्याच्या यंत्रणेला जोडलंय.

आणि यासाठी लांब जायला नको. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, पण आपल्या बाळात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून, त्याला थिन फॅट बेबी म्हणतात. 2008 साली त्यांनी छापलं की त्यातल्या दोन तृतीयांश आयांमध्ये बी12 कमी होतं, फोलेट मात्र जवळपास सगळ्यांचं व्यवस्थित, आणि ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी12 कमी त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त. वर लिहिलेली अडकलेली फोलेटची गोष्ट आठव आणि मग हे परत वाच. मी एसवायला असताना हे वाचलं आणि तिथेच ठरवलं की करायचं तर हेच.

डिग्रीबद्दल माझं स्पष्ट मत: एमएस्सी बायोकेमिस्ट्री कर, न्यूट्रिशन पीएचडीत येईल. शिवाजी विद्यापीठातच बायोकेमिस्ट्री आहे, पुणे विद्यापीठात आहे, नागपूरला स्वतंत्र डिपार्टमेंट आहे. सोबत सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेसची तयारी ठेव, आयसीएमआरची जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची परीक्षा पण असते. आणि स्टॅटिस्टिक्स शिक, आत्तापासून, त्यासाठीची आर ही कॉम्प्युटर भाषा शिक, फुकट आहे. आमच्या लॅबमध्ये पिपेट धरणारे पुष्कळ येतात, डेटा नीट वाचणारे कमी.

शेवगाव_ते_शिकागो

मोडता घालायचा नाहीये पण कोणीतरी पैशाचं बोललं पाहिजे. बायोकेमिस्ट्री एमएस्सी करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर काम करणारी माझ्या ओळखीत बरीच मुलं आहेत. पीएचडी म्हणजे अजून पाच सहा वर्षं, फेलोशिप महिनोन्महिने रखडते. घरची परिस्थिती कशी आहे ते बघून ठरव, आवड आहे म्हणून उडी मारू नको.

वन_कार्बन

@शेवगाव_ते_शिकागो फेलोशिप रखडते हे खरं आहे, आम्ही सगळेच ते भोगतो. म्हणूनच म्हणालो जेआरएफ स्वतःची काढ, प्रोजेक्टच्या पैशावर राहू नको. आणि आर येत असेल तर पीएचडी नाही जमली तरी क्लिनिकल ट्रायल्सच्या डेटाचं काम पुण्यात मिळतं.

आहारकक्ष_नागपूर

मी क्लिनिकल डाएटिशियन आहे, हॉस्पिटलमध्ये, बरीच वर्षं. स्नेहाने सांगते, आईला म्हणावं डाएटिशियन आणि न्यूट्रिशनमधली संशोधक या दोन वेगळ्या वाटा आहेत, दोन्ही चांगल्या, पण शिक्षण वेगळं. डाएटिशियन व्हायचं तर फूड अँड न्यूट्रिशन किंवा डायटेटिक्सची डिग्री, हॉस्पिटलमधली इंटर्नशिप, मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा. 2021 साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला त्यात आपलाही समावेश आहे त्यामुळे पुढे नोंदणीचे नियम कडक होत जाणार, नुसत्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर क्लिनिक टाकणाऱ्यांना अवघड जाईल आणि ते योग्यच आहे.

पण वरच्या दादांच्या एका गोष्टीत भर घालते. न्यूट्रिशन म्हणजे सोपं आणि बायोकेमिस्ट्री म्हणजे खरं सायन्स असा एक समज असतो, तो डोक्यात घेऊन येऊ नको. आमच्या वॉर्डातलं उदाहरण देते. बरेच दिवस पोटात अन्न नसलेला पेशंट येतो, दारूचं व्यसन, हातापायाच्या काड्या. नातेवाईक म्हणतात मॅडम आता भरपूर खायला द्या. आपण पटकन भरपूर कार्बोहायड्रेट दिलं तर इन्सुलिन वाढतं, पेशी ग्लुकोज आत ओढतात आणि त्याच्या फॉस्फोरिलेशनला, एटीपी बनवायला फॉस्फेट लागतं ते रक्तातून आत खेचलं जातं, सोबत पोटॅशियम मॅग्नेशियमही. रक्तातलं फॉस्फेट एकदम कोसळलं की हृदय आणि श्वासाचे स्नायू दगा देतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. आणि थायमिन आधीच संपलेलं असतं, पायरुव्हेट डिहायड्रोजिनेसला थायमिन पायरोफॉस्फेट लागतं, ते नसताना ग्लुकोज ढकललं तर पायरुव्हेट पुढे जाणार कुठे, लॅक्टेट वाढतं, मेंदूला धोका. म्हणून आधी थायमिन, मग थोड्या कॅलरी, रोज फॉस्फेट पोटॅशियम मॅग्नेशियम बघायचं आणि हळूहळू वाढवत न्यायचं. पेज किती आणि कधी हे ठरवताना मला तुझ्या त्याच ग्लायकोलिसिसच्या स्टेप्स लागतात बाळा.

म्हणून माझं म्हणणं, एमएस्सी बायोकेमिस्ट्री करणार असलीस तरी सुट्टीत एक महिना तरी एखाद्या हॉस्पिटलच्या आहार विभागात बस. माणूस खरं काय खातो, सांगतो काय आणि ताटात काय असतं, हे लॅबमध्ये कळत नाही. चोवीस तासांचा आहार विचारायचा हे पण कौशल्य आहे. "वाटीभर आमटी" म्हटलं तर वाटी केवढी, आमटी पातळ की घट्ट, वरून तेल किती, हे सगळं विचारावं लागतं, मी वाट्या चमचे समोर ठेवूनच विचारते. त्यानंतर एनआयएनचे म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटक तक्ते आहेत, 528 पदार्थ आहेत त्यात, तिथून आकडे काढायचे.

होम सायन्स नसताना कुठे? हैदराबादच्या एनआयएनमध्ये अप्लाइड न्यूट्रिशनची एमएस्सी आहे, वेगळी प्रवेश परीक्षा असते, लाइफ सायन्सवाल्यांनी बघण्यासारखी आहे. बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत फूड्स अँड न्यूट्रिशन आणि बायोकेमिस्ट्री दोन्ही डिपार्टमेंट्स आहेत. मुंबईला एसएनडीटीचं जुहूचं होम सायन्स कॉलेज आहे. प्रत्येकाची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नको, माझ्याही.

वऱ्हाडी_हॉलंडात

मी नेदरलँड्समध्ये आहे, वाखेनिंगनला न्यूट्रिशन अँड हेल्थ केलं, मूळचा अकोल्याचा. परदेशाबद्दल विचारलंस म्हणून.

इथे एमएस्सी दोन वर्षांची, इंग्रजीत, मोठा थिसिस आणि इंटर्नशिप त्यातच. युकेत एका वर्षात उरकते, ॲबरडीनचं रोवेट इन्स्टिट्यूट न्यूट्रिशनसाठी जुनं आणि नावाजलेलं, त्याचे पहिले डायरेक्टर जॉन बॉइड ऑर यांना 1949 चं शांततेचं नोबेल मिळालं होतं. पण युकेत एक लक्षात ठेव, डाएटिशियन हे नाव तिथे कायद्याने राखीव आहे, ह्यूमन न्यूट्रिशनची एमएस्सी केली म्हणून डाएटिशियन होता येत नाही, बऱ्याच आपल्या मुलांना हे तिथे पोचल्यावर कळतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी नसल्यात जमा, एक मोठा अपवाद बाडेन वुर्टेमबर्ग राज्याचा, तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात आणि होहेनहाइम त्याच राज्यात आहे. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या बँक खात्यात, पैसे दाखवावे लागतात, सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो. येना, होहेनहाइम अशी नावं सापडतील पण कोर्स जर्मनमध्ये आहे की इंग्रजीत ते सगळ्यात आधी बघ, बाकी सगळं नंतर.

तू जीनपर्यंत म्हणालीस म्हणून एक सांगतो. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. त्या काळात ज्या आया नुकत्या गरोदर होत्या त्यांच्या मुलांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं तर आयजीएफ2 या जीनवरचं मिथायलेशन त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी निघालं, 2008 साली छापून आलं. आम्हाला हा पेपर क्लासमध्ये फाडून फाडून शिकवला. फरक किती, तो रक्ताच्या पेशींतला आहे तर लिव्हरबद्दल काय बोलता येतं, भावंडांशीच तुलना का, मिथायलेशन कमी म्हणजे आजारच का, असे दोन तास प्रश्न. माझ्या बीएस्सीत मी असं कधी केलं नव्हतं आणि इथले पहिले सहा महिने त्यामुळेच जड गेले. तू महिन्यातून एक पेपर असा वाच, फक्त निष्कर्ष नाही, मेथड्स आणि टेबलं. इथे येशील तेव्हा खूप पुढे असशील.

कृष्णाकाठची

बापरे, एवढं सगळं, खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 वन_कार्बन दादा, तुम्ही सांगितलं तसं रात्री आयर्नवर करून बघितलं. आयर्न कमी झालं की आयआरपी (आयर्न रेग्युलेटरी प्रोटीन) हे फेरिटिन म्हणजे आयर्न साठवणाऱ्या प्रोटीनच्या एमआरएनएच्या सुरुवातीच्या भागाला चिकटतं आणि फेरिटिन बनणं थांबतं, तेच आयआरपी ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या (पेशीत आयर्न आत घेणाऱ्या) एमआरएनएच्या शेपटीला चिकटतं आणि त्याला टिकवतं, म्हणजे साठवण बंद आणि आत घेणं चालू. एकच प्रोटीन दोन्हीकडे! हे आम्हाला दोन वेगवेगळ्या युनिटमध्ये होतं, कधी जोडलंच नव्हतं.

ताई, आहार विभागाचं आईला वाचून दाखवलं, ती आता जरा ऐकतेय.

प्रोजेक्टसाठी माझ्या डोक्यात होतं की वर्गातल्या मुलींचं रक्त घेऊन बी12 आणि होमोसिस्टीन करावं, बाहेरच्या लॅबमधून. जमेल का?

वन_कार्बन

आयर्नचं एकदम बरोबर. आता त्यात हेप्सिडिन घाल, ते लिव्हरमधून येतं आणि आतड्याच्या पेशीतलं आयर्न बाहेर सोडणारं फेरोपोर्टिन मोडून टाकतं. आयर्नची गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर चढलेलं राहतं म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं शोषण घटतं, झुरिकच्या ग्रुपने एक दिवसाआड गोळी देऊन हे दाखवलंय. (गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.)

रक्ताचं मात्र करू नको. माणसाचं सॅम्पल म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी, लेखी संमती, आणि रिपोर्ट खराब आला तर त्या मुलीला पुढे कोण बघणार याची व्यवस्था, हे सगळं आधी लागतं. शिवाय होमोसिस्टीन फार नाजूक काम आहे. रक्त काढलं की ट्यूब लगेच बर्फात आणि तासाभराच्या आत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा, कारण तांबड्या पेशी ट्यूबमध्येसुद्धा होमोसिस्टीन सोडत राहतात. बाहेरगावच्या लॅबला दुपारी कुरिअरने पाठवलं तर आकडा वाढलेलाच येणार आणि तुला वाटणार अख्ख्या वर्गाला बी12 नाही.

जुना_प्रयोगवहीवाला

मी बायोकेमिस्ट्री शिकवून निवृत्त झालो. प्रोजेक्टपुरतं सुचवतो, तुमच्या लॅबमध्ये होण्यासारखं.

कडधान्यांतले ट्रिप्सिन इनहिबिटर घ्या. कच्च्या हुलग्यात, पावट्यात, घेवड्यात ट्रिप्सिनला, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला, अडवणारी प्रोटीन्स असतात त्यामुळे प्रोटीन असूनही पचत नाही. भिजवल्यावर, मोड आणल्यावर, कुकरमध्ये शिजवल्यावर ती किती उरतात हे मोजायचं. कमला सोहोनींनी कडधान्यांच्या प्रोटीनवर मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन काम केलं, नीरेवरच्या (ताडाच्या गोड रसावरच्या) कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ही तीच बाई जिला 1933 साली बंगळुरूच्या आयआयएससीत मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलं, मग अटी घालून घेतलं, आणि 1939 साली तिने केंब्रिजची पीएचडी मिळवली. दुर्गाबाई भागवतांची बहीण. आपल्या मुलींना हे नाव शाळेतच कळायला हवं असं मला फार वाटतं.

पद्धत अशी. पीठ करून, म्हणजे शिजवलेलं असेल तर वाळवून पीठ करून, बफरमध्ये ढवळून गाळून अर्क काढा. नळीत ट्रिप्सिन आणि अर्क, पाच दहा मिनिटं 37 अंशावर, मग केसीन (दुधातलं प्रोटीन) टाका, पीएच 7.6 चा फॉस्फेट बफर. वीस मिनिटांनी टीसीए म्हणजे इथे ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड टाकून थांबवा. न पचलेलं केसीन खाली बसतं, वरच्या निवळीत फोलिन रिएजंट टाकून कलरिमीटरला 660 नॅनोमीटरवर वाचा. अर्क नसलेली नळी म्हणजे 100 टक्के. आणि प्रत्येक सॅम्पलला एक ब्लँक म्हणजे वजा करायची नळी अशी ठेवा ज्यात टीसीए आधी आणि ट्रिप्सिन नंतर, कारण हुलग्याच्या अर्काला स्वतःचाच रंग असतो आणि फोलिन फिनॉलवरही रंग देतं. बहुतेक मुलं ही ब्लँक ठेवत नाहीत आणि मग शिजवल्यावर इनहिबिटर वाढला असं लिहून आणतात.

वेळ उरला तर ज्वारीकडे वळा. 1960 साली हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी मांडलं की दख्खनमध्ये ज्वारी खाणाऱ्यांना पेलाग्रा (नायसिन म्हणजे व्हिटॅमिन बी3 कमी पडल्याचा आजार) होतो त्यामागे ज्वारीतलं जास्त ल्यूसीन हे अमिनो ॲसिड असावं. ज्वारीत नायसिन काही कमी नाही म्हणून हा प्रश्न पडला. शरीर ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो ॲसिडपासूनही नायसिन बनवतं, साधारण 60 मिलिग्रॅमपासून 1, आणि ल्यूसीन त्यात अडथळा आणतं असा तो विचार. पुढे त्याला पाठिंबाही मिळाला आणि विरोधही झाला. दोन्ही बाजूंचे पेपर काढून वाचा, तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक खूश होतील, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एखादा वाद अभ्यासायचा कसा ते कळेल.

कृष्णाकाठची

सर, हेच करते! हुलगे आमच्याकडे घरचेच आहेत. फक्त ट्रिप्सिन महाग पडेल का, आणि एका घरच्या पिशवीतलेच घेतले तर चालतील की वेगवेगळे?

जुना_प्रयोगवहीवाला

ट्रिप्सिनची छोटी बाटली पुरते, मिलिग्रॅममध्येच लागतं. सोल्यूशन मात्र रोज ताजं करा, थंड 1 मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, नाहीतर ट्रिप्सिन स्वतःलाच कापत बसतं. हुलगे किमान तीन ठिकाणचे घ्या, घरचे, बाजारचे, आणि दुसऱ्या गावचे. एकाच पिशवीतून तीन नळ्या केल्या तर ते तीन सॅम्पल होत नाहीत, एकच होतं. आणि मोड आणलेल्यांचं वजन पाणी धरून वाढतं, तेव्हा सगळे आकडे कोरड्या वजनावर काढा.